धुण्याची पावडर आणि रामघाट

आमच्या घरी महिन्याच्या किराणा यादीत दर वेळी एकाच ओळीवर अडतं. तूरडाळ, तांदूळ, चहा, तेल यांचं सगळं ठरलेलं आहे. कुठल्या दुकानातून किती आणायचं हेही ठरलेलं. पण शेवटी 'धुण्याची पावडर' असं लिहिलं की माझं पेन थांबतं. आईचं मत वडीला. आपल्याकडच्या जुन्या बायकांना कपड्याच्या साबणाची वडी दगडावर घासल्याशिवाय कपडा धुतल्यासारखं वाटत नाही. सौ.चं मत मशीनच्या पावडरीला. त्यातही पुढून दार उघडणाऱ्या मशीनची वेगळी आणि वरून झाकण उघडणाऱ्याची वेगळी. चिरंजीवांना बाटलीतलं पातळ साबणपाणी हवं, कारण पावडर म्हणे जुनी झाली. मी पडलो मराठी शिकवणारा. मला यातलं काय कळणार? म्हणून इतकी वर्षं ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव मी यादीत लिहीत आलो.

पण गेल्या दीड-दोन वर्षांत या विषयाकडे बघण्याची माझी रीत बदलली. कसं ते आज सांगावंसं वाटतं. विषय धुण्याचा आहे, तेव्हा वाचकहो, घरातलं थोडं धुणं तुमच्यासमोर काढलं तर रागावू नका.

आमचे बाबा शेवटचे चौदा महिने अंथरुणाला होते. ज्यांच्या घरात असा रुग्ण होऊन गेला त्यांना सांगायला नको, की औषधांच्या खालोखाल घरात सतत काही चालतं तर ते धुणं. रोज दोन-तीन चादरी, पंचे, धोतरं. पहिले काही महिने आईनं कुणाला हात लावू दिला नाही. मग तिचे गुडघे बोलू लागले तेव्हा मी आणि सौ.नं वाटून घेतलं. धोतर कसं धुवावं, कसं पिळावं, दोरीवर टाकताना काठ कसा ओढावा हे मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो. चादरींना वास राहील या भीतीनं आम्ही पावडर दुप्पट घालत होतो. बाजारातली सगळ्यात महागाची आणली होती. फेस बादलीबाहेर येई आणि मला वाटे, चला, आजचं धुणं झालं झकास.

महिनाभरात बाबांच्या पाठीला लाली आली. आम्हाला वाटलं, पडून पडून होतात तसल्या जखमा आता सुरू झाल्या. आई त्यावर हळदीचा लेप लावू लागली. डॉक्टर घरी आले. त्यांनी पाठ बघितली, मग चादरीचं एक टोक ओल्या बोटांत धरून चोळलं. बोटं बुळबुळीत झाली. म्हणाले, "सर, चादरीत साबण राहिलाय. पावडर निम्मी करा आणि एक पाणी जास्त द्या." औषध असं काही दिलंच नाही. आठवड्यात लाली उतरली.

ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. आम्ही जे मायेनं, स्वच्छतेच्या नावाखाली करत होतो तेच त्या म्हाताऱ्या कातडीला जाळत होतं. बाबांना बोलता येत असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं.

बाबा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर आईनं उज्जैनला जायचं काढलं. २०१६ च्या सिंहस्थाला बाबा आणि त्यांचे दोन मित्र जाणार होते. तयारीही झाली होती, पण ऐन वेळी राहून गेलं. ते आईच्या मनात होतं. "त्यांना नेणं झालं नाही, निदान एक पिंड तरी क्षिप्रेत जाऊ दे," असं तिनं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मार्चच्या सुरुवातीला पुण्यात गाडी बदलून आम्ही तिघं गेलो. मी, आई आणि सौ.

उज्जैन हे आपल्याला वाटतं तेवढं परकं गाव नाही. राणोजी शिंद्यांचं हे ठाणं. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तोवर शिंदेशाहीचा कारभार इथूनच चाले. महाकालाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. बाजारातलं गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांचं. हरसिद्धीच्या देवळासमोरच्या दोन उंच दीपमाळा बघितल्या तेव्हा आई पटकन म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच!" आम्हाला मिळालेले गुरुजीही मराठी बोलत होते.

हरसिद्धीकडून उतरून गेलं की रामघाट. सकाळी सातची वेळ. पायऱ्यांवर गर्दी बेताची. समोरच्या काठावर दत्त आखाडा. विधी झाला, पिंड पाण्यात सोडायचे तेवढे राहिले होते. आईनं पिशवीतून एक धोतर काढलं. बाबांचं शेवटच्या दिवसांतलं धोतर. तिनं ते साध्या पाण्यातून काढून ट्रंकेत ठेवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मध्यभागी हळदीचा मोठा पिवळा डाग. "त्यांना नाही तर त्यांच्या धोतराला तरी क्षिप्रेचं पाणी लागू दे," एवढंच ती म्हणाली.

आता सौ. धारवाडची. कामाला वाघीण, आणि डाग दिसला की तिला राहवत नाही. लॉजवर मिळालेली छोटी साबणाची वडी तिच्या पर्समध्ये होती. आई धोतर भिजवते आहे तोवर हिनं वडी काढून डागावर दोनदा फिरवलीसुद्धा. पिवळा डाग क्षणात लालभडक झाला, कुंकवासारखा. मी दचकलो. त्या दोघी दचकल्या नाहीत. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. माहीत नव्हतं ते एकट्या प्राध्यापकाला! आईला खटकलं ते वेगळंच. तिनं हिच्या हातातली वडी काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे गं, नदीत सोपु ब्याड."

"अत्ती, अल्लि नोड्री," सौ. म्हणाली. तिकडे बघा तरी.

आमच्या डाव्या हाताला सात-आठ पायऱ्या सोडून एक बाई धुणं धूत होती. घरातलं सगळं धुणं असावं. शाळेचे गणवेश, एक गोधडी, कुणाची तरी पॅन्ट. पुड्यातली पावडर ती मुठीनं घेत होती. फेसाचा एक पट्टा तिच्याकडून निघून, काठाला धरून, हळूहळू आमच्याकडे येत होता. गुरुजींनी सांगितल्यावर मी पिंड सोडले. पाणी जवळजवळ उभंच होतं. पिंड पुढे गेले नाहीत. फेस आला आणि त्यांच्याभोवती जमला.

आई बराच वेळ बघत राहिली. रागावली नाही. नंतर त्या बाईशी मोडक्या हिंदीत बोललीही. बाई जवळच्याच गल्लीतली. घरी दोन बादल्यांत एवढं धुणं कसं व्हायचं, हा तिचा प्रश्न. आईला तो पटला. एकत्र कुटुंबाचं धुणं तिनंही काढलेलं आहे. पण परत येताना पायऱ्यांवर ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांना पावडर सोसली नाही. नदीला सोसते काय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. गावी आल्यावर मी आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठलं. स्टाफरूममध्ये चहाच्या दोन कपांवर त्यानं जे सांगितलं, आणि मग मी थोडंफार वाचलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

साबण आणि डिटर्जंट या दोन वेगळ्या जाती आहेत. आपण दोन्हीला साबणच म्हणतो, तिथं घोटाळा होतो. साबण तेल किंवा चरबी आणि खार यांच्यापासून होतो. मऊ पाण्यात, म्हणजे पावसाच्या किंवा तळ्याच्या पाण्यात, तो उत्तम चालतो. पण बोअरच्या जड पाण्यात चुना असतो. साबण त्याला धरून बसतो आणि त्याचा चिकट साका कपड्यावर, बादलीला, मोरीच्या फरशीला बसतो. डिटर्जंटचा मुख्य घटक रॉकेलमधून काढलेल्या द्रव्यापासून आणि बेंझीनपासून बनतो. त्याला जड पाण्याचं तेवढं वावडं नाही. आमच्या उपनगरात बोअरचं पाणी आल्यावर आईची वडी का फेसाळेना आणि सौ.ची पावडर का चालली, याचं उत्तर त्या दोघींच्या स्वभावात नसून पाण्यात होतं! घरात आमची किती भांडणं वाचली असती.

आपल्याकडे साबणाची वडी येऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला. १८८८ मध्ये 'सनलाइट'ची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. त्या विलायती साबणात जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्याच्या घरांत तो चालत नसे. १९१८ मध्ये गोदरेजांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला तो याच अडचणीवर उतारा म्हणून. पावडर आली ती १९५९ मध्ये, 'सर्फ'च्या रूपानं. पण ती होती पगारदारांच्या घरात. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादेत सरकारी नोकरीतल्या करसनभाई पटेलांनी घरामागे पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि मुलीच्या नावावरून तिला 'निरमा' म्हटलं. सर्फचा भाव किलोला तेरा-पंधरा रुपये होता तेव्हा ही साडेतीन रुपयांना मिळे. आमच्या गल्लीत पावडर शिरली ती या दारानं. पुढं दूरदर्शनवर भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्या ललिताजी आल्या. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक त्या बायकांना समजावून सांगू लागल्या. ती भूमिका करणाऱ्या कविता चौधरी २०२४ मध्ये गेल्या तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास फक्त जुन्या जाहिराती निघाल्या होत्या. त्या वेळी भांडण होतं ते पैशाचं आणि पांढरेपणाचं. धुतलेलं पाणी पुढं कुठं जातं, हे कुणी विचारत नव्हतं.

पांढरेपणाचीही एक गंमत आहे. बऱ्याच पावडरींत एक चमकवणारं द्रव्य असतं. ते मळ काढत नाही. डोळ्यांना न दिसणारा उन्हातला प्रकाश घेऊन तो निळसर करून परत फेकतं, म्हणून कपडा पांढरा दिसतो. आपली नीळ काय वेगळं करत होती? पिवळटपणा झाकत होती, एवढंच. तेव्हा जाहिरातीतला सदरा शेजारच्या सदऱ्यापेक्षा पांढरा दिसला म्हणजे तो जास्त स्वच्छ झाला, असं समजायचं कारण नाही. फेसाचंही तसंच. फेस आपल्या समाधानासाठी असतो. पुढून दार उघडणाऱ्या मशीनला तर फेस अडचणच करतो, म्हणून तिची पावडर कमी फेसाची असते.

पण या फेसानंच जगाला पहिल्यांदा जागं केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत डिटर्जंट घरोघरी गेले आणि नद्यांवर फेसाचे ढीग दिसू लागले. कारण त्या वेळच्या द्रव्याची रचना फांद्याफांद्यांची होती आणि पाण्यातले जिवाणू ती मोडू शकत नव्हते. जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या कारखान्यांनीही सरळ साखळीचं द्रव्य घेतलं. ते जिवाणूंना पचतं. आज आपल्या पावडरीतही मुख्यतः तेच असतं. मग रामघाटावर फेस का राहिला?

इथं सहकाऱ्यानं सांगितलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जिवाणूंना ते पचवायला प्राणवायू लागतो आणि वेळ लागतो. वाहतं, खेळतं पाणी असेल तर ठीक. क्षिप्रा मुळात बारमाही नाही. ती इंदूर जिल्ह्यातल्या काकरी बर्डीच्या टेकड्यांत उगम पावते आणि पावसाळा संपला की उज्जैनला बंधाऱ्यांनी अडवलेलं पाणीच घाटाला लागून उभं असतं. त्यात इंदूरहून कान्ह नदी सांडपाणी घेऊन येते. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उचलून क्षिप्रेत सोडता येतं. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी नळातून उज्जैनच्या पुढं नेण्याची सोय झाली, आणि आता २०२८ च्या सिंहस्थासाठी पुन्हा मोठी कामं निघाली आहेत. म्हणजे घाटावर आपण ज्यात बुडी मारतो ते पाणी किती खटाटोपानं तिथं आणलेलं असतं बघा. त्या उभ्या पाण्यात आधीच सांडपाण्यानं प्राणवायू कमी झालेला. त्यात मुठीमुठीनं पावडर. जिवाणूंनी किती म्हणून पचवायचं? घाटावरच्या त्या एका बाईची पावडर इंदूरच्या सांडपाण्यासमोर काहीच नाही, हेही तितकंच खरं. तिला नावं ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

दुसरा प्रकार फॉस्फेटचा. जड पाणी मऊ करायला पावडरीत फॉस्फेट घालण्याची रीत होती. पण ते पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला खत होतं. युरोपीय संघानं २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. आपल्या राज्यातलंच उदाहरण हवं असेल तर बेंगळुरूचं बेळ्ळंदूर तळं आठवा. २०१५ नंतर रस्त्यावर उडून येणारा तो फेस आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. मुलं नोकरीला तिकडं असलेल्या घरांनी तर प्रत्यक्ष बघितला. तिथं कुणी घाटावर बसून धुणं धूत नव्हतं. ते सगळं घराघरांतल्या मोऱ्यांतून आणि मशीनच्या नळ्यांतून आलेलं सांडपाणी होतं.

मग काय, पुन्हा रिठ्याकडे वळायचं? आमच्या ओळखीतले काही जण अलीकडे तसं सांगतात. रिठा, आपल्या कन्नड घरांत अंटवाळकायी, उत्तम वस्तू आहे यात वाद नाही. सौ.च्या माहेरची इरकल आजही रिठ्याच्या पाण्यातच निघते. त्यामागं कारणही आहे. हल्लीच्या बऱ्याच पावडरींत विकरं असतात. एक घामा-रक्ताचे डाग तोडतं, एक तेलाचे, एक डाळ-भाताचे. घाम-रक्त तोडणारं विकर प्रथिनावर काम करतं आणि रेशीम, लोकर ही प्रथिनंच. म्हणजे डाग खाता खाता ते पदरही खाऊ लागतं. लग्नातल्या इरकलीचा टोपतेनी पदर मशीनच्या पावडरीत घालून एका आतेबहिणीनं हळहळ केली ती मी बघितली आहे. तेव्हा रेशमाला रिठा, लोकरीला सौम्य साबणपाणी, यात तडजोड नको. पण म्हणून रिठा नदीत ओतला तर चालतो, असं नाही. रिठ्यातल्या ज्या द्रव्यामुळं फेस येतो ते माशांना विषारी असतं. कित्येक ठिकाणी मासे धरायला असली फळं पाण्यात टाकत. झाडाला लागलं म्हणून ते निरुपद्रवी, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

उज्जैनहून आल्यापासून 'मडी' हा शब्द माझ्या डोक्यात घोळतो आहे. आपल्या दुभाषी घरांना तो समजावून सांगायला नको. मराठीत सोवळं म्हणतात, कन्नडात मडी. धुऊन, वाळवून, कुणाचा हात न लावता ठेवलेला कपडा म्हणजे मडी. धुणारा तो मडिवाळ. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळी शरणांची वस्त्रं धुणारे मडिवाळ माचिदेव स्वतः वचनकार होते. इकडं आपले गाडगेबाबा परीट समाजातले. सगळ्यांना मडी करून देणाऱ्याला मात्र सोवळ्याच्या ओळीत बसू दिलं नाही, हा आपल्या दोन्ही भाषांतल्या घरांचा सारखाच खोटेपणा. त्यावर पुन्हा कधी लिहीन. इथं मला एवढंच दिसतं, की मडीचा आणि पांढरेपणाचा संबंध कधी नव्हता. माझ्या आजीची सोवळ्याची साडी कुठल्या कोनातून बघितली तरी पांढरी दिसत नसे. पण ती चांगल्या पाण्यातून काढलेली असे आणि त्या पाण्याची काळजी घेतलेली असे. गावच्या आमच्या विहिरीवर धुण्याचा दगड उताराच्या बाजूला, विहिरीपासून पंधरा-वीस पावलं लांब होता. पाणी शेंदून तिथं न्यायचं, तिथं आपटायचं, फेसाचं पाणी शेवग्याच्या आळ्याकडं जायचं. विहिरीच्या काठावर वडी ठेवलेली दिसली तर आजीचा आवाज चार घरं ऐकू जाई.

उज्जैनहून परतल्यावर एका रविवारी मी आमच्या मशीनची नळी कुठं जाते ते बघायला उठलो. सौ. म्हणाली, आता हे काय नवीन? नळी मोरीत, मोरीतून गटारीत, गटार कोपऱ्यावरच्या नाल्याला. आमच्या भागातलं पाणी उताराउतारानं बळ्ळारी नाल्याकडं जातं. बळ्ळारी नाला पुढं वडगाव-शहापूरच्या शिवारातून जातो, जिथला बासमती आपण दिवाळीला कौतुकानं आणतो. पावसाळ्यात नाला फुगला की तेच पाणी शेतात. म्हणजे रामघाटावरच्या त्या बाईचा फेस मला दिसला, कारण ती माझ्यापासून सात पायऱ्यांवर होती. माझा फेस ज्याच्या बांधाला लागतो तो शेतकरी मला दिसत नाही.

तेव्हापासून घरात काही गोष्टी बदलल्या. पावडर पुड्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी. मळ फार असेल तर रात्री भिजत घालायचं, पावडर वाढवायची नाही. निम्म्या पावडरीनं कपडे मळके राहिले का? शाळेच्या गणवेशाची कॉलर सोडली तर नाही, आणि कॉलर आईच्या वडीनं दोन मिनिटांत निघते. तेव्हा वडीही यादीत राहिली. पावडर कमी म्हणजे खळबळायला पाणीही कमी लागतं. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत हा फायदा लहान नाही. रंगीत कपड्यांना चमकवणारं द्रव्य लागत नाही, म्हणून ती पावडर वेगळी. पुड्यावर 'फॉस्फेट नाही' असं छापलेलं असेल तर मी ती उचलतो. बाटलीतल्या साबणपाण्याबद्दल चिरंजीव अजून हट्ट सोडत नाहीत. त्याचा एक गुण खरा, ते थंड पाण्यात लगेच विरघळतं आणि कपड्यावर पावडरीचे पांढरे कण राहत नाहीत. पण त्याचं टोपण एवढं मोठं असतं की ते भरून ओतण्याचा मोह होतो. परवा त्यानं तेच केलं. मशीनच्या काचेमागं नुसता फेस. सौ.नं त्याच्याकडून सगळे कपडे तीनदा खळबळून घेतले, हातानं.

खळबळलेलं शेवटचं पाणी आता आम्ही बादलीत धरतो. ते संडासाला आणि फरशीला चालतं. पहिलं, घट्ट फेसाचं पाणी झाडांना घालू नका. आम्ही घातलं आणि जास्वंदीची पानं पिवळी पडली. त्यातल्या सोड्यानं माती बिघडते असं सहकारी म्हणाला, आणि 'आधी विचारायचं होतं' असंही म्हणाला.

धोतराचं सांगायचं राहिलं. रामघाटावर लाल झालेला तो डाग आईनं क्षिप्रेच्या साध्या पाण्यात खळबळला तेव्हा परत पिवळा झाला. लॉजवर सौ.नं पुन्हा विचारलं, "आता इथं धुऊ काय, बादलीत?" आई म्हणाली, "ब्याड बिडु." घरी आल्यावर तिनं ते गच्चीवर उन्हात टाकलं. सकाळी टाकायचं, संध्याकाळी काढायचं. हळदीचा रंग ऊन खातं, हेही त्या दोघींना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. पाचव्या दिवशी मी गच्चीवर गेलो तेव्हा डाग कुठं होता ते शोधावं लागलं. आई म्हणाली, "पुरे आता, काढ. सगळा जायला नको."